आमच्याकडे दार कुणी वाजवत नाही

१३ सप्टेंबर, शनिवार

सगळ्यांत आधी आली शेजारची मिल्ड्रेड. तीच येणार. माझ्या नातीची, शेल्बीची गाडी चर्चच्या वळणावर आली की आधी मिल्ड्रेडच्या खिडकीतून दिसते, मग माझ्या. मी वाटाण्याच्या सूपवरचं झाकण काढतेय तोवर ही आत, पायातले बूट कोपऱ्यात, आणि वर विचारते, "वकिलीणबाई पोचल्या का?" शेल्बी अजून अंगणात बॅग उतरवत होती.

तिच्या मागोमाग वरच्या टेकाडावरचा हेडली आणि त्याची बायको पर्ल. आमच्याकडे दार कुणी वाजवत नाही. दार वाजलंच तर समजायचं, पोलीस आहे नाहीतर धर्म वाटत फिरणारा कुणी परका. हेडलीने सूप दोनदा मागून घेतलं. पर्ल जाऊन बसली ती आर्चच्या खुर्चीत. आर्च म्हणजे माझा नवरा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, पण त्या खुर्चीत अजून कुणी बसत नाही. बसली आणि मला म्हणते, "एफी, आर्च अजून बोटीवरून आला नाही का?" मी खूप हसले. पर्लला पहिल्यापासून थट्टेची सवय. हेडली मात्र हसला नाही, सूप ढवळत बसला. त्याला गरम चालत नाही.

मी सगळ्यांना सांगते की माझी नात वकील झाली. शेल्बी दर वेळी मला दुरुस्त करते. कायद्याचं शिक्षण झालंय, पदवी मिळालीय, पण सनद अजून नाही. आधी वर्षभर एका जुन्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करायची, मग परीक्षा, मग त्या वकिलाने लिहून द्यायचं की पोरगी योग्य आहे, आणि मगच न्यायाधीशासमोर शपथ. ती शहरात विन्सर वकिलांकडे आहे, इथून तासाभराची वाट. दर शनिवारी येते. मी म्हटलं, पाव भट्टीत घातला की मी त्याला पावच म्हणते, कणीक नाही म्हणत. तर म्हणते, "नॅन," म्हणजे आजी, "भट्टीचं दार मध्येच उघडलं तर काय होतं?" तोंडाला तोंड देते. बरोबर धंदा निवडलाय.

ही वहीसुद्धा तिनेच दिली. म्हणाली, नॅन, तू दिवसभर फोनवर जे सांगतेस ते यात लिही, कचेरीत मला जरा काम करू दे. मी चौथी झाल्यावर शाळा सोडून मासे वाळत घालायला गेले. त्यानंतर नाताळच्या कार्डांपलीकडे कधी लिहिलं नाही. पण बघ, पान भरलं.

२१ सप्टेंबर, रविवार

शेल्बी परीक्षेचं वाचते ते मोठ्याने वाचते आणि मी बटाटे सोलता सोलता ऐकते. आज जमिनीचं होतं. आमच्या या किनाऱ्यावर कुणाकडे कागद असतात? ज्याच्या आजाने कुंपण घातलं त्याची जमीन. तर कायदा म्हणतो, एखाद्याने दुसऱ्याची जमीन उघडपणे, कुणाला न विचारता, वर्षानुवर्षं वापरली तर ती त्याची होऊ शकते. पण त्याने आधी मालकाला विचारून, परवानगी घेऊन वापरली असली, तर मात्र होत नाही.

मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, म्हणजे जो दांडगाई करून घुसला त्याला मिळते, आणि जो टोपी काढून विचारतो तो उपाशी?

शेल्बी म्हणाली, "साधारण तसंच, नॅन."

असला उलटा कायदा शिकायला पोरीची सात वर्षं गेली. पण तिच्या तोंडून ऐकायला छान वाटतो. ती वाचते तेव्हा भुवया आर्चसारख्या करते, जाळ्यात भोक सापडल्यावर तो करायचा तशा.

२५ सप्टेंबर, गुरुवार

चर्चच्या बायकांचा शिवणकामाचा दिवस. गोधडीचे चौकोन कमी आणि बोलणं जास्त. कुणाच्या पेन्शनचं अडलंय, कुणाच्या शेजाऱ्याची कुत्री, कुणाच्या जावयाची बोट. विन्सर वकिलांकडे जायचं तर तासभर गाडी, आणि तिथे ती काचेची खिडकी, त्यामागे बसलेली बाई, तिला आधी नाव सांगा, मग काम सांगा. या बायकांना ते जमत नाही. इथे अडलेलं माणूस स्वयंपाकघरात येतं, चहा घेतं, बोलतं. डॉक्टर यायचा तेव्हा तोही स्वयंपाकघरातच दात काढायचा.

मी म्हटलं, शनिवारी माझ्याकडे या ना. शेल्बी असते. टेबल आहे, चहा आहे.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

पहिला मान मिल्ड्रेडलाच द्यायचा ठरवला होता. शेजारीण, शिवाय आम्ही एकाच वाफ्यातली रोपं लावतो, एकमेकींच्या घरची किल्ली मागत नाही. शेल्बीचा कोट अंगावरच होता तर मिल्ड्रेडने सुरुवात केली.

खाडीकाठचा तिचा बटाट्याचा मळा. तिचा नवरा रूबेन कुंपण घालून गेला, त्यालाही आता किती काळ झाला. आता रूबेनच्या भावाचा पोरगा ड्वाइट आल्बर्टाहून परत आलाय आणि म्हणतो, ती जमीन माझ्या बापाची, मी ती उन्हाळी बंगले बांधणाऱ्यांना विकणार. मिल्ड्रेडच्या बटाट्यांवर बंगला.

शेल्बीने ड्वाइटचं नाव ऐकलं आणि हात वर केला. "मिल्ड्रेडमावशी, थांबा. मला सांगू नका. मी अजून वकील नाही, आणि..."

मी म्हटलं, अगं, बोलू दे तिला, घरचंच माणूस आहे. मिल्ड्रेड बोलत सुटली. ती सुटली की तिला बांध घालता येत नाही. शेल्बी दोनदा मधे पडली, दोनदा मीच तिला गप्प केलं, चहा ओतला. मिल्ड्रेड म्हणाली की रूबेन कसा देवमाणूस होता, पहिला खांब रोवायच्या आधी भावाकडे गेला आणि विचारून आला, 'मी हा तुकडा वापरू का?' भाऊ म्हणाला, वापर. "असा माणूस," मिल्ड्रेड म्हणाली, "आणि त्याच्या बायकोला आता ही पोरं हाकलणार."

शेल्बी उठून उभी राहिली. चहा तसाच. म्हणाली, मला हवा पाहिजे. आणि पाऊस असताना बाहेर जाऊन गाडीत बसली.

मिल्ड्रेड म्हणते, तिला दिवस तर गेले नाहीत ना. मी म्हटलं, तोंड सांभाळ. पण मनात आलंच.

५ ऑक्टोबर, रविवार

शेल्बी रविवारचं जेवण न जेवताच गेली. खारं मांस, कोबी, सलगम, सगळं शिजवून ठेवलेलं. म्हणाली, उद्या सकाळी कचेरीत लवकर पोचायचंय. सोमवारी सकाळी पोचायला रविवारी दुपारी कोण निघतं?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सुगीच्या सणाला आली होती, आज गेली. दिवसांबिवसांचं काही नाही, विचारलं मी. हसली पण नीट हसली नाही.

जाताना म्हणाली, "नॅन, मी येते तेव्हा कायद्याचं काही घेऊन कुणाला बोलावू नकोस. आणि त्या दिवशी मिल्ड्रेडमावशी जे बोलल्या, त्यातला एक शब्द कुणाला सांगू नकोस. एक शब्द नाही. शब्द दे."

मी म्हटलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे? रूबेनची तर स्तुतीच होती.

"शब्द दे, नॅन."

दिला. पण वाईट वाटलं. या स्वयंपाकघरात चार पिढ्या बोलल्यात. इथे बोललेलं बाहेर गेलं नाही असं कधी झालं नाही, आणि त्याने कुणाचं वाटोळंही झालं नाही. लोकांना कळतं, लोक मदतीला येतात. विद्यापीठात शिकून आलं की माणसं अशी आखडतात बहुतेक.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दुकानात ड्वाइट सगळ्यांना ऐकवत होता. म्हणे विन्सर त्याचे वकील होते, जमीन विकायचे सगळे कागद त्यांच्याकडेच चालले होते, आणि तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी अचानक कळवलं की आम्ही तुमचं काम करू शकत नाही. कारण सांगता येत नाही. आता राजधानीतला, सेंट जॉन्सचा वकील गाठा, सगळं पहिल्यापासून. माझ्याकडे बघून बोलत होता.

हे ड्वाइटचे वकील होते हेच मला माहीत नव्हतं.

घरी आले तर मिल्ड्रेडच्या दाराशी तीच गत. तीही विन्सरांकडे गेली होती, मला न सांगता. तिलाही तेच सांगितलं, तुमचंही काम करू शकत नाही, कारण सांगता येत नाही. तिने मला उंबऱ्यावरच उभं केलं. म्हणाली, "तुझ्या नातीने माझ्या घरातलं उचलून त्याच्या वकिलाला नेऊन दिलं. आणि तूच मला खुर्ची ओढून दिलीस."

मी म्हटलं, शेल्बी तसं करणार नाही.

"मग काय केलं ते सांग."

मला कुठे माहीत? तिने दार लावलं. तिचं दार बंद असताना कसं दिसतं ते मी आज पहिल्यांदा बघितलं. हिरव्या रंगाने पोपडे धरलेत.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज शेल्बीने सांगितलं, जेवढं सांगता येतं तेवढं. एका भांडणातल्या एका बाजूचं काम कचेरीत चालू असेल आणि दुसऱ्या बाजूचं पोटातलं उमेदवाराच्या कानावर पडलं, तर कचेरीला दोन्ही बाजू सोडाव्या लागतात. ड्वाइटचे कागद तिच्याच टेबलावर होते. मिल्ड्रेड बोलली आणि ते सगळं काम मोडलं. शेल्बीने सोमवारी सकाळी जाऊन विन्सरांना सांगितलं की माझ्या आजीच्या घरी मी ऐकू नये ते ऐकलं. काय ऐकलं ते सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.

मी विचारलं, पण त्यांना कळलं असतं का, तू गप्प बसली असतीस तर?

"नाही."

"मग कशाला सांगितलंस?"

तिने कप उचलून बाजूला ठेवले आणि म्हणाली की आता विन्सर तिला लायक असल्याचं लिहून देतील की नाही, ठाऊक नाही. त्यांनी तिला हाकललं नाही पण तेव्हापासून फारसं बोलतही नाहीत. त्यांच्या सहीशिवाय सनद नाही. सात वर्षं शिकली, उन्हाळ्यात मासळीच्या कारखान्यात खेकड्यांचे पाय मोडले, आणि शेवटी अडलं ते माझ्या टेबलाशी.

ती झोपायला गेल्यावर मी ते टेबल पुसलं. स्वच्छच होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हेडलीला म्हटलं, मला शहरात ने. शेल्बीला सांगितलं नाही. काकवीचा पाव केला, बेकॅपल नावाच्या रानफळाचा मुरंबा घेतला, आणि आर्चच्या मयताला घातला होता तो कोट.

अर्ध्या वाटेवर हेडली म्हणाला, "एफी, माणसाला वकिलाकडे जायचं असेल तर आधी काय सांगावं लागतं?" मी म्हटलं, नाव. तो म्हणाला, "आणि काम दुसऱ्याचं असेल तर? म्हणजे त्या माणसाला स्वतःला सांगता येत नसेल तर?" मी म्हटलं, मला विचारू नकोस बाबा, मी एकदा मदत करून बसलेय. त्याला परतायची घाई होती, पर्ल एकटी होती म्हणून. आता पर्लला एकटी राहायला काय झालं, मोठी बाई आहे.

विन्सर उंच आहेत, पाठीतून वाकलेले. मला खुर्ची दिली. मी सुरुवात करणार तोच म्हणाले, "मिसेस कीपिंग, याविषयी मी तुमच्याशी बोलू शकत नाही."

मी म्हटलं, तुम्ही बोलू नका, मी बोलते, तुम्ही ऐका.

"ऐकूही शकत नाही."

मग दोघंही बसलो. मी पावाचं फडकं सोडलं, कारण तो गार होत होता. त्यांनी सुरी मागवली. एक काप खाल्ला, मग दुसरा, मुरंबा लावून. बोटं पुसली आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "माझ्याकडे आजवर बरीच मुलं उमेदवारीला आली. हुशार सगळीच. पण जी गोष्ट मला जन्मात कळली नसती, ती माझा कोट उतरायच्या आत समोर उभं राहून सांगणारं एकच निघालं."

मी विचारलं, कोण?

"ते मी सांगू शकत नाही."

यांना काहीच सांगता येत नाही. धंदा कसा चालतो कोण जाणे.

घरी येताना माझा जीव थोडा थोडा झाला होता. म्हणजे त्यांचा कुणीतरी लाडका आधीच होऊन गेलाय. त्याच्याशी तुलना करणार आणि आमच्या पोरीचं काय होणार?

२२ नोव्हेंबर, शनिवार

ड्वाइट आला. सोललेले दोन ससे घेऊन. तो कधी ससे घेऊन येत नाही, म्हणून मी ओळखलं काहीतरी काम आहे. शेल्बी या आठवड्यात आली नाही, अभ्यास आहे.

बसला, चहा घेतला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाला, "एफीमावशी, त्या दिवशी मिल्ड्रेडकाकू शेल्बीला काय म्हणाली, एवढंच सांगा. तुमचं नाव कुठे येणार नाही."

मी म्हटलं, मला कमी ऐकू येतं.

तो हसला. सगळ्या गावात सगळ्यांत तीक्ष्ण कान माझे, हे त्याला पाळण्यात असल्यापासून माहीत. मग चिडला. म्हणाला, रूबेनकाका चोर होता. बाबा बोटींवर असताना मागच्या मागे कुंपण घालून बसला, विचारायची लाज नाही.

माझ्या कानशिलात रक्त चढलं. रूबेन आणि चोर? भावाला विचारल्याशिवाय एक खांब रोवला नाही त्याने, टोपी हातात घेऊन गेला होता. हे एक वाक्य मी ड्वाइटच्या तोंडावर फेकलं असतं की तो जागच्या जागी गार झाला असता. माझ्या जिभेच्या शेंड्यावर होतं. तोंड उघडलंसुद्धा.

मग शेल्बी आठवली, दारात उभी, शब्द दे म्हणणारी.

उघडलेलं तोंड मोकळं कसं मिटायचं, म्हणून विचारलं, "साखर बरोबर आहे ना चहात?"

तो बराच वेळ बसला. मी बटाटे सोलत राहिले. लागणार होते त्याच्या दुप्पट सोलले. शेवटी गेला. ससे राहिले. कांदा घालून शिजवले, पण खाववेनात. एवढी चांगली गोष्ट त्या गेलेल्या माणसाची, आणि मला ती गिळावी लागली. आता लिहितानाही हात शिवशिवतोय. नियम पाळणं म्हणजे हेच असेल, तर आमच्या शेल्बीला रोजच पोटात दुखत असणार.

२६ डिसेंबर, शुक्रवार

नाताळ झाला. मिल्ड्रेड आली नाही. तिच्या वाटचा फळांचा केक मी दाराबाहेर ठेवला, सकाळी ताटली धुऊन परत ठेवलेली होती.

शेल्बीला सशांची गोष्ट सांगितली. मला वाटलं हसेल. ती पांढरीफटक पडली.

"तू त्याला काय सांगितलंस?"

"काही नाही."

"रूबेनकाकांचं? काहीच नाही?"

"साखर विचारली."

ती उठून माझ्याजवळ आली आणि लहानपणी बसायची तशी जमिनीवर बसून डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. एवढ्या मोठ्या मुलीचं डोकं जड लागतं. मी म्हटलं, अगं, त्यात काय एवढं. ती म्हणाली, "नॅन, तू माझ्यापेक्षा चांगली वकील आहेस." चेष्टा करते म्हातारीची. पण मी मांडी हलवली नाही, बसू दिली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

परीक्षा झाली. बर्फ दारापर्यंत. निकाल पुढच्या महिन्यात. विन्सरांच्या सहीचं अजून काही नाही. मी विचारत नाही, ती सांगत नाही. टेकाडावर चालत गेले होते, पर्लने मला आत घेतलं नाही, दारातूनच विचारलं, कोण पाहिजे. थंडीने मी तोंड गुंडाळलं होतं ना.

३१ मार्च, मंगळवार

पास. पास. पास. फोनवर ती आधी रडली, मग मी, मग दुकानदारीण, कारण घरी पोचायचा धीर नव्हता म्हणून फोन मी दुकानातूनच केला होता.

१८ एप्रिल, शनिवार

सगळ्यांत आधी मिल्ड्रेडच आली. दार न वाजवता, बूट कोपऱ्यात, जसं काही मधला हिवाळा झालाच नाही. बसली. मी कप ठेवला. ती म्हणाली, "तिच्या अंगात पाणी आहे, तुझ्या नातीच्या."

सेंट जॉन्सच्या दोन्ही वकिलांनी तडजोड घडवली. मिल्ड्रेड जिवंत आहे तोवर मळा तिचा, मागून ड्वाइटचा. "मेल्यावर मला बटाटे कशाला लागतात," म्हणाली. आणि तिच्या वकिलाने तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं की ही हकीकत तुम्ही आणखी कुणाकुणाला सांगितलीत. तिने शेल्बीचं नाव घेतलं. पुढे बोलणी झाल्यावर वकील म्हणाला, मग दुसऱ्या बाजूला त्यातलं काहीच कसं ठाऊक नाही? तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला की शेल्बीने काही नेऊन दिलं नव्हतं.

"मी तुला दारात उभं केलं," मिल्ड्रेड म्हणाली.

"तुझ्या दाराला रंग पाहिजे," मी म्हटलं.

रडलो नाही. दोघी म्हाताऱ्या पडसं झाल्यासारख्या नाकं पुसत बसलो, एवढंच. मी तिला हेही सांगितलं नाही की ड्वाइट माझ्याकडे आला होता. सांगायला हरकत नव्हती बहुतेक. पण आता सवय लागलीय.

१२ जून, शुक्रवार

सेंट जॉन्सचं मोठं न्यायालय. मिल्ड्रेड आणि मी हेडलीच्या ट्रकमधून गेलो, पर्ल मधे बसून गाणी म्हणत होती, तिला सगळी पाठ. शेल्बीच्या गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्या मी स्वतः इस्त्री केल्या. काळा झगा तिला लांब होता, पायात येत होता.

विन्सर येतील का, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकेक वकील उभा राहायचा आणि आपल्या उमेदवाराला पुढे आणायचा. शेल्बीचं नाव आलं. मागच्या बाकावरून ते वाकलेले विन्सर उठले. सावकाश पुढे गेले. न्यायाधीशीणबाईंना म्हणाले, "ही माझ्याकडे वर्षभर होती. मी हिला न्यायालयाच्या हवाली करतो, आणि मला हिच्याविषयी कसलीही शंका नाही."

शंका नाही. मिल्ड्रेडने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

मग शपथ, मग त्या जाड पुस्तकात सही. शेल्बीची सही गिचमिड आहे, पण तिने ती सही हळूहळू केली, मी करते तशी, एकेक अक्षर.

नंतर चहा होता. विन्सर म्हणाले, मिसेस कीपिंग, तो पाव. मी म्हटलं, पाठवीन. मग धीर करून विचारलं, तो तुमचा एक उमेदवार, ज्याने कोट उतरायच्या आत सांगितलं, त्याचं पुढे बरं चाललंय ना? ते लांब शेल्बीकडे बघत होते, ती झग्यावर लोणी सांडू नये म्हणून मान पुढे काढून सँडविच खात होती. म्हणाले, "छान चाललंय. आजच सनद मिळाली."

मी तिथल्या सगळ्या मुलांकडे बघितलं. एक चष्मेवाला उंच मुलगा प्रामाणिक वाटला. तोच असणार.

१४ जून, रविवार

कणीक मळता मळता कळलं. एकदम हात थांबले. मी एकटीच घरात हसले आणि पिठाचा हात डोळ्याला लावला. शेल्बीला फोन केला नाही. काय सांगायचं?

२० जून, शनिवार

धुकं आणि भुरभुर. कॅपलिन मासे किनाऱ्यावर यायची हीच हवा. मिल्ड्रेड इथेच होती, शेल्बी टेबलाशी पावाला काकवी लावत होती. आणि दार वाजलं.

मिल्ड्रेड म्हणाली, धर्मवाले. शेल्बीने दार उघडलं. बाहेर हेडली, रविवारचा कोट, टोपी हातात, केसांवर पाण्याचे थेंब. त्याच्या कोपराला धरून पर्ल, चांगली टोपी घालून.

मी म्हटलं, हेडली, अरे असा काय उभा, आत ये. तो आत आला नाही. शेल्बीला म्हणाला, "मिस कीपिंग, थोडं काम होतं." जिला त्याने ओल्या लंगोटात बघितलंय तिला.

शेल्बी म्हणाली, "हेडलीकाका, आधी काही सांगू नका. फक्त नावं सांगा. कुणाचं काम, आणि त्यात आणखी कोणकोण आहे." त्याने नावं सांगितली, हळू. ती मागच्या ओसरीत जाऊन विन्सरांशी फोनवर बोलली. परत आली आणि म्हणाली, आता या, बसा. पर्लला आर्चच्या खुर्चीत बसवलं.

मग माझ्याकडे बघितलं.

मी खुंटीवरचा कोट घेतला. माझ्याच स्वयंपाकघरातून. मिल्ड्रेड म्हणाली, मी तर ऐकतच नाहीये. मी तिला कोपराला धरून उठवलं.

कपडे वाळत घालायच्या दोरीजवळ, सरपणाच्या छपराखाली आम्ही दोघी उभ्या राहिलो. खाडी दिसत नव्हती. मिल्ड्रेड म्हणाली, मृत्युपत्र असेल. मी म्हटलं, असेल. मग म्हणाली, जमिनीचं असेल. मी म्हटलं, असेल.

खिडकीतून दिसत होतं. शेल्बी हेडलीशी बोलतच नव्हती. तिने खुर्ची पर्लच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ घेतली होती आणि पर्लला काहीतरी विचारत होती. विचारायची आणि थांबायची. पर्ल छताकडे बघायची, हसायची, मग बोलायची. शेल्बी घाई करत नव्हती. हेडली चुलीकडे तोंड करून उभा होता, खांदे पडलेले. मिल्ड्रेड खिडकीजवळ सरकायला लागली, मी तिचा कोट धरला.

बराच वेळ गेला. बाहेर आले तेव्हा पर्लने माझे दोन्ही हात धरले आणि मला ज्युलिया म्हणाली. ज्युलिया माझी आई. मी म्हटलं, हो, पर्ल. हेडलीने टोपी घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली.

आत आले तर शेल्बीने किटली ठेवली होती. मला म्हणाली, "नॅन, काही विचारायचं नाही?"

मी म्हटलं, काकवी झाकून ठेवलीस का, माश्या येतात.

म्हणून आजचं लिहायला काही नाही. हेडली आणि पर्ल गुरुवारी परत येतो म्हणाले, शेल्बी त्यांच्यासाठी शहरातून येणार आहे. मी मिल्ड्रेडकडे असेन, तिचं दार रंगवायचंय.